काझीचा खलबत्ता
मुलांच्या पुस्तकात स्वयंपाक म्हणजे नुसते कपकेक आणि ओव्हन, त्यात आपल्या पोरांना आपलं काय वाटणार, असं म्हणतात, ते मला बरंचसं पटतं. पण म्हणूनच वीरा हिरानंदानी यांचं 'द नाइट डायरी' (२०१८) हे पुस्तक मुलांसाठीच्या स्वयंपाकाच्या गोष्टींच्या यादीत हवंच. १९४७ सालचं सिंधमधलं मीरपूर खास. बारा वर्षांची निशा माणसांशी फारसं बोलत नाही, पण घरचा स्वयंपाकी काझी याच्यासोबत स्वयंपाकघरात मात्र खुलते. फाळणीत घर सोडायची वेळ येते तेव्हा काझी तिला आपला खलबत्ता देतो. या पुस्तकाला २०१९ मध्ये न्यूबेरी ऑनर हा बालसाहित्यासाठीचा अमेरिकेतला मानाचा सन्मान मिळाला.

तो खलबत्त्याचा भाग वाचून माझ्या लेकीने विचारलं, "आई, आपला कुठे आहे गं?" माळ्यावरून आजेसासूबाईंचा पितळी खलबत्ता काढला, चिंच लावून लख्ख केला. पहिल्या दिवशी निम्मे धणे ओट्यावर उडाले. आता ती खलाच्या तोंडावर तळवा आडवा धरून, बेताने कुटते. आमटीला तिचीच धणेपूड लागते.

पुस्तकातले निशाच्या वाटेतल्या तहानेचे आणि हिंसेचे प्रसंग अंगावर येतात. दहाच्या आतलं मूल असेल तर सोबत बसूनच वाचा.