दहा-बारा वर्षं वापरायची आहे: टोयोटाची हायलक्स (पिकअप) की फॉर्च्युनर (एसयूव्ही)?

अंजीरवाला:
मंडळी, राहायला कोथरूड, ऑफिस बाणेरला आणि सासवडजवळ अडीच एकर अंजीर-सीताफळ. दर रविवारी बोपदेव घाटाने जाणं-येणं. जुनी गाडी आता धापा टाकते. नवीन घेताना घरात दोन पक्ष पडलेत. वडील म्हणतात, "मागं हौदा हवा, क्रेट टाकले की निघालो." बायको म्हणते, "सोसायटीत लावणार कुठे?" माझा प्रश्न एकच, टिकेल कुठली?

पाटेवाला:
बॉनेटखाली उत्तर शोधू नका. दोघींना 2.8 लिटरचं एकच डिझेल इंजिन, चासीचं घराणंही एकच. फरक मागच्या चाकांपाशी आहे. हायलक्सला पाटे (एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग), फॉर्च्युनरला कॉइल स्प्रिंग. पाटे ओझ्यासाठीच असतात, हौदा रिकामा असला की खड्ड्यावर गाडी नाचते आणि तो मार पाट्यांच्या टोकाच्या रबरी बुशना बसतो.

माझ्याकडे 2017 ची पिकअप आहे (कंपनी सांगत नाही, इथे भांडणं होतात). 1 लाख 90 हजार किलोमीटर झाले, इंजिन उघडलेलं नाही. पण पाट्यांचे रबरी बुश तीनदा बदलले. पहिल्यांदा आवाज आला तेव्हा मी आठवडाभर डॅशबोर्डच ठोकत बसलो होतो. शेवटी गॅरेजवाला खाली सरकला, पहार घालून पाटा हलवला, कुईं! तिथूनच म्हणाला, "साहेब, हिच्यात ओझं टाका. उपाशी आहे ती."

आणि शेणखत नेलंत तर हौदा त्याच दिवशी धुवा. लायनरखाली (हौद्यातल्या अस्तराखाली) ओल राहिली की गंज आलाच.

नाना पेठ:
पाट्यांचं सोडा हो, पाटे स्वस्तात होतात. 2020 पासूनच्या बीएस-6 (नव्या प्रदूषण-नियमांच्या) डिझेल गाड्यांमध्ये डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, सांभाळा, मग गाडी कुठलीही घ्या. कोथरूड-बाणेर रोजची रडतखडत रपेट, त्यात फिल्टर पुरेसा तापत नाही, काजळी साठत जाते. ती जाळायला गाडी जादा डिझेल सोडते, आणि तुम्ही मध्येच बंद करत राहिलात तर काही इंजिनांत ते इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं तर खूश होऊ नका! आठवड्यातून एकदा हायवेला अर्धा तास एका चालीत पळवा. बोपदेवचा चढ-उतार त्यात धरू नका.

अंजीरवाला:
हे कुणी शोरूममध्ये सांगितलंच नाही. रविवारी येताना आता हायवेवरून वळसा घालून येतो.

पाटेवाला:
क्रेट खरंच किती नेता?

अंजीरवाला:
खरं सांगायचं तर चार-पाच, नातेवाइकांसाठी. बाकी माल टेम्पोनेच मार्केट यार्डात जातो.

पाटेवाला:
मग पिकअप उपाशीच राहणार. फॉर्च्युनर घ्या.

नाना पेठ:
आणि पार्किंग मोजलंत का? हायलक्स 5.3 मीटर आहे, फॉर्च्युनर 4.8.

अंजीरवाला:
आत्ताच टेप घेऊन खाली गेलो होतो. 5 मीटरवर खांब. वडिलांना सांगितलं, तर म्हणाले, "खांब बिल्डरने नकाशाप्रमाणे बांधलाय का, ते बघ आधी."