थाय होआ : राजवाडा, सदर की दरबार?

अडलेली मी
व्हिएतनाममधल्या ह्वे शहरातल्या राजकिल्ल्यावरचा मजकूर मराठीत आणतेय. न्गुयेन घराण्याची तिथली मुख्य वास्तू म्हणजे 'थाय होआ'. पहिली उभारणी 1805ची. 1833मध्ये मिन्ह मांग राजाने ती जागा बदलून पुन्हा बांधली. मी 'राजवाडा' लिहिलं, तर तपासनीस बाईंनी खोडलं. म्हणे, तिथे राहत कोण होतं? खरंच आहे. राज्यारोहण, राजाचा वाढदिवस आणि चांद्र महिन्याच्या 1 व 15 तारखेचा मोठा दरबार, अशा मोठ्या प्रसंगांनाच ती उघडायची. एका शब्दात काय म्हणू?

रानपाखरू
सदर. एवढा चांगला शब्द असताना शोधता काय?

धोपटमार्गी
सदर कामकाजाची. तिथलं रोजचं कामकाज मागच्या 'कान चान्ह'मध्ये चाले. (ती इमारत 1947मध्ये जळाली.) हवं तर तिला सदर म्हणा. थाय होआला 'राजसभा'. मुळात 'सदर' अरबी, संस्कृत शब्द हाताशी असताना उसनवारी कशाला?

रानपाखरू
सभेत माणसं बसतात, बोलतात. इथे सिंहासन आत आणि बहुतेक मानकरी बाहेर फरसबंद अंगणात उभे! राजाच्या डाव्या हाताला मुलकी, उजव्या हाताला लष्करी. नऊ श्रेणी, प्रत्येकीची जागा सांगणारा दगड रोवलेला. आपला दगड सोडून पुढे सरकायची सोय नाही. ही कसली सभा?

धोपटमार्गी
'मुलकी' नव्हे, 'नागरी'.

रानपाखरू
आमचे आजोबा मुलकी खात्यात होते. नागरी खात्यात नव्हते.

अडलेली मी
भांडू नका, दुसरा प्रश्न आहे. थाय होआ म्हणजे एकामागे एक अशा दोन इमारती, दोघींची छपरं वेगवेगळी. जिथे ती भेटतात तिथे पाणी वाहून न्यायला एक लांब चर आहे. खालून तो दिसू नये म्हणून कमानदार लाकडी छत. तिकडे त्याला 'खेकड्याची पाठ' म्हणतात. त्यामुळे आत शिरल्यावर लाखेने रंगवलेल्या 80 खांबांचं एकच दालन वाटतं. त्या चराला मराठीत काय?

ओटीवरचा
पन्हळ! आमच्या जुन्या घरात माजघर आणि पडवीच्या मध्ये होती, पत्र्याची. पहिल्या पावसाआधी पाला काढायचं काम माझ्याकडे. नाही काढला की पाणी थेट देवघरात. ह्वेचा पाऊस म्हणजे काय विचारता, तिथे ती किती साफ ठेवत असतील!

सांजवात
आमच्याकडे त्याला पागोळी म्हणत.

ओटीवरचा
छे! पागोळी म्हणजे वळचणीवरून गळणारी धार. धार वेगळी, चर वेगळा.

धोपटमार्गी
पन्हळ हा 'प्रणाल'चा तद्भव. पन्हाळगडही त्यातलाच.

सांजवात
पन्हाळा 'पन्नगालय'वरून. नागांचं घर.

धोपटमार्गी
ती मागाहून जोडलेली कथा. शिवकाळातल्या संस्कृत काव्यात 'पर्णालपर्वत' आहे, पन्नग कुठेही नाही.

रानपाखरू
संस्कृत कवी मराठी नावाचं संस्कृत करून टाकतात, तो कसला पुरावा?

अडलेली मी
पन्हळ घेतली, आभार. पण बाईंना शुक्रवारी मजकूर हवाय. तूर्त 'दरबार महाल' लिहून टाकलंय.

धोपटमार्गी
'दरबार' फारसी, 'महाल' अरबी.