आई, बायको, बहीण किंवा तुम्ही स्वतः झेडपीच्या शाळेवर? अनुभव लिहा

माणदेशी_पोर
परवा एका एसटी स्टँडवर गाडीची वाट बघत बसलो होतो. शेजारी हिरकणी कक्ष, म्हणजे बायांना लेकराला पाजायला केलेली खोली, त्याला कुलूप. खिडकीतून डोकावलं तर आत झाडू, बादल्या आणि मोडक्या खुर्च्या. बाहेर एक बाई भिंतीकडं तोंड करून लेकराला पदराखाली घेऊन बसलेली. आई आठवली.

आई १९८२ साली डी.एड. करून जत तालुक्यातल्या द्विशिक्षकी शाळेवर लागली. दुसरे गुरुजी कायम मीटिंगला किंवा टपालाला तालुक्याला, त्यामुळं पहिली ते चौथी एकाच खोलीत, एकटी आई. पोरं घरात कानडी बोलणारी आणि आईला कानडीचा गंध नाही. माझा जन्म तिथलाच. बाळंतपणाची रजा तेव्हा ९० दिवस. ती संपली की माझी झोळी शाळेच्या आढ्याला. चौथीच्या पोरी आळीपाळीनं झोका द्यायच्या, आणि जिचा नंबर तिनं झोका देता देता पाढे म्हणायचे, असा आईचा नियम. एकोणतीसचा पाढा ऐकला की मला अजून पेंग येते.

तपासणीला साहेब आले (गावात त्यांना अजून दिपोटीच म्हणायचे) की मला गुपचूप शेजारच्या आक्कांकडं पोचवायचे. एकदा साहेब न सांगता आले आणि मी झोळीत भोकाड पसरलेलं. साहेबांनी विचारलं, पट किती? आई म्हणाली, अठ्ठेचाळीस, आणि हा बिनपगारी.

लिहा तुम्ही पण. लांबलं तरी चालेल.

रानजाई
बिनपगारी 😂😂

मी स्वतः. २००४ ला शिक्षणसेवक म्हणून लागले. मानधन महिना ३०००, तेही तीन-तीन महिने थकायचं. लेक पाच महिन्यांची, सासूबाईंकडे. शाळा डोंगरात, जायला एकच वडाप जीप. दुपारी दोनच्या सुमाराला पान्हा यायचा. ब्लाउज ओला. मग हजेरीपट छातीशी धरून उरलेले तास घ्यायचे. पोरांना वाटायचं बाईंचा हजेरीपटावर फार जीव. एकानं तर बाईंचं चित्र काढलं, त्यात मला हातच नव्हते, हजेरीपटच होता.

कुकर लावलाय, नंतर लिहिते.

कोकणी_काजू
हजेरीपटाचं वाचून गलबललं गं.
आमची आई साकवावरून (ओढ्यावरचा छोटा पायपूल) जायची. पावसात साकव बुडला की ती पलीकडच्या वाडीत मुक्कामाला, कधी दोन दिवस, कधी चार. फोन कुठले तेव्हा. अलीकडून बाबा हाक मारायचे, पलीकडून ती हात हलवायची, म्हणजे सगळं ठीक. घरी बाबा तिन्ही त्रिकाळ पेज. सोबत पोह्याचा पापड आणि लोणचं. त्यामुळे पाऊस म्हटलं की माझ्या तोंडाला पेजेची चव येते, लोकांना भजी आठवतात.

खान्देशी_भाऊ
१९९५ ले तांदूळ वाटप सुरू झालं ते आठवतं का कोनाले? खिचडी बादमा उनी. पहिले कोरडा तांदूळ, दर पोराले महिन्याले ३ किलो, पन ८० टक्के हजेरी पाहिजे. आमनी माय एकटी बाई शाळेवर. वाटपाना दिवस म्हंजे भांडन. "मना पोऱ्या ढोरे चारे ग्या व्हता, तुमी गैरहजर कसा काय लावा?" एक बाई तर पदर खोचीसन दारमा बसनी. मायनी हजेरीपट तिना हातमा दिधा, म्हने तूच मोज. तिले वाचता येत नव्हतं. मग मायनी तिले खुणा मोजाले शिकाडं. पुढं तीच बाई दर महिन्याले पोराना दिवस मोजाले ये, अन् पोऱ्या ढोरमांगे जावाना बंद.

पुणेकर_काका
सगळं मान्य. पण सुट्ट्याही भरपूर असतात की शिक्षकांना. दिवाळी, मे महिना...

रानजाई
@पुणेकर_काका, या की एकदा मे महिन्यात. २०१० च्या मे मध्ये जनगणनेची घरयादी करत वस्त्या पालथ्या घातल्या, लेक सोबत. तिला दर घरी गूळ-शेंगदाणे मिळायचे, मला प्रश्न: "बाई, रेशनकार्डाचं काम कधी होणार?" निवडणूक, मतदार यादी, पोलिओ बूथ वेगळंच. उरलेल्या वेळात शिकवतो.

पुणेकर_काका
बरं बाई, हरलो 🙏 (सौ. पण मागून वाचत होती, तिची मावशी शिक्षिका होती. घरातही हरलो.)

वऱ्हाडी_ठेचा
बायको झेडपीत, मी बी झेडपीत. बदल्या ऑनलाइन झाल्या तवा ती एका टोकाले, मी दुसऱ्या. पती-पत्नी एकत्रीकरणात ३० किलोमीटरच्या आत आलो तर अर्ज करता येत नाही, अन् आमचं अंतर कागदावर भरलं २९. कोणत्या रस्त्यानं मोजलं देव जाणे, मधात नदी हाय, पूल फिरून ५०. पोरगा दोन वर्षं मामाकडं. शनिवारी मी आणायचो, सोमवारी पहाटे सोडायचो. तो गाडीवर झोपल्याचं सोंग करे, म्हंजे उतरवणार नाहीत.

कोकणी_काजू
अरे देवा. आता कुठे आहे लेकरू?

वऱ्हाडी_ठेचा
आता बारावीले. मोबाइलमंदी. उठवलं तरी उठत नाही, हे सोंग नाही, खरंच झोपते 😄

हिरवा_चुडा
बालसंगोपन रजा माहीत आहे ना सगळ्यांना? २०१८ पासून मिळते, पूर्ण सेवेत १८० दिवस. माझ्या मैत्रिणीनं मुलीच्या दहावीला घेतली. अर्ज दिला तर हेडमास्तर म्हणे, मुलगी पंधरा वर्षांची, संगोपन कसलं? तिनं जीआर पुढ्यात ठेवला. मूल अठराचं होईपर्यंत घेता येते.

मी_तात्या
आमची बहीण धडगावकडं होती. तिकडची पोरं तिला सीताफळं आणून द्यायची, अख्खी पिशवी भरून. आम्ही राखीला जायचो ते खरं सांगायचं तर सीताफळासाठी.

खान्देशी_भाऊ
@मी_तात्या राखीले सीताफळ? ती तं दसऱ्या-दिवाळीले पिकतस!

मी_तात्या
बरं, भाऊबीज. धरून बसू नका हो.

माणदेशी_पोर
आईला सगळं वाचून दाखवतोय. रानजाईताई, ती विचारतेय की ते चित्र जपून ठेवलंय का? आणि काजू, तो साकव कुठला? आई रिटायर झाल्यापासून कोकण बघायचं म्हणतेय.

रानजाई
आहे की. लेकीनं कपाटाच्या दाराला आतून लावलंय.

कोकणी_काजू
राजापूरच्या अलीकडे. आता पूल झालाय, गाडी थेट जाते. पण काकूंना पावसाळ्यात आणू नका, मे मध्ये आणा, आंबे आहेत. खोलीची सोय करते, मला निरोप टाका.

मी_तात्या
आंब्याचा भाव काय आहे सध्या तिकडे? पेटी पाठवता का?