मदत हवी: पायोनियर एसएक्स-७८० वर स्टॅक्सचे जुने हेडफोन लावायचे आहेत, डीसीची काळजी वाटते

मंडळी, नमस्कार.

काका बोटीवर होते. त्यांनी आणलेला पायोनियर एसएक्स-७८० रिसीव्हर (४५ वॅट, ८ ओहम) आणि स्टॅक्सचे एसआर-५ हेडफोन आता माझ्याकडे आले आहेत. सोबत एसआरडी-७ अडॅप्टर आहे. काका गेल्यावर सात वर्षं हे सगळं रत्नागिरीच्या घरात माळ्यावर पडून होतं. मला ते पुन्हा वाजतं करायचंच आहे. नवीन घ्या असा सल्ला कृपया देऊ नका.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. या हेडफोनमध्ये चुंबक आणि कॉइल नसते. दोन जाळ्यांच्या मधे अतिशय पातळ पडदा असतो, त्याच्यावर २३० व्होल्टचा बायस, म्हणजे कायम दिलेला स्थिर दाब असतो आणि जाळ्यांना उंच व्होल्टेजचा सिग्नल मिळाला की पडदा हलतो. रिसीव्हरच्या हेडफोन जॅकमध्ये हे लावता येत नाहीत. अडॅप्टर स्पीकरच्या टर्मिनलना जोडायचा, आतला ट्रान्सफॉर्मर सिग्नल चढवतो. बायस मात्र तो घरच्या विजेवरून तयार करतो. माझ्या अडॅप्टरच्या पाटीवर १०० व्होल्ट लिहिलं आहे, म्हणून तो २३० चे १०० व्होल्ट करणाऱ्या स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरवर लावतो.

पहिल्या दिवशी तंबोरा ऐकला आणि खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. जवारीचा एकेक कण सुटा ऐकू येत होता. पण अर्ध्या तासात डाव्या कानातला आवाज दबला.

मग आवाज शून्यावर ठेवून, काहीही न जोडता, रिसीव्हरच्या टर्मिनलवर डीसी, म्हणजे एकाच दिशेचा स्थिर दाब, मोजला. उजवीकडे १४ मिलिव्होल्ट, डावीकडे ८५. आठ ओहमच्या स्पीकरला ८५ मिलिव्होल्टने काही होत नसेल. पण अडॅप्टरच्या प्रायमरीचा (ट्रान्सफॉर्मरच्या रिसीव्हरकडच्या गुंडाळीचा) रोध माझ्या मीटरवर जेमतेम १.२ ओहम दिसतो, म्हणजे सुमारे ७० मिलिअँपिअर सतत वाहणार. तेव्हापासून अडॅप्टर काढून ठेवला आहे.

डावा कान या डीसीमुळेच दबतो का? आणि आधी काय दुरुस्त करू?

प्रतिसाद १

अडॅप्टर काढून ठेवलात ते उत्तम केलंत. ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यातून सतत डीसी गेला की तो एका बाजूला चुंबकित राहतो आणि पहिला फटका खर्जाला बसतो. तबल्याचा डग्गा फाटल्यासारखा वाजेल. सबंध आवाज हळूहळू दबणं हे त्याचं लक्षण नाही, त्यामुळे तुमचे दोन वेगळे दोष आहेत असं मला वाटतं.

रिसीव्हर बंद करून टर्मिनलवरच्या डाव्या-उजव्या वायरी अदलाबदल करा. तरीही डावाच कान दबला तर दोष रिसीव्हरच्या पुढे आहे. माझा संशय कोकणातल्या दमटपणावर आहे. ओलसर पडद्यावरचा विद्युतभार गळतो, तो टिकत नाही. हेडफोन सिलिका जेलसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात आठवडाभर ठेवा. कप उघडू नका. अडॅप्टर उघडायची वेळ आलीच तर प्लग काढून बराच वेळ थांबा, आतले कपॅसिटर भारित राहतात.

डीसीसाठी डाव्या चॅनलची इनपुटची ट्रान्झिस्टर जोडी आणि सुकलेले कपॅसिटर तपासून घ्या. मी स्वतः २० मिलिव्होल्टच्या वर ट्रान्सफॉर्मर लावत नाही.

धागाकर्ता

मनापासून आभार. वायरी बदलून फक्त पाच मिनिटं वाजवलं. अर्धा तास वाजवायचा धीर झाला नाही, त्यामुळे अजून काही कळलं नाही. हेडफोन आजच डब्यात ठेवले.

रिसीव्हरसाठी पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, विचारून आलो. दोघांनी मॉडेल ऐकूनच नको म्हटलं. पॉवर अँपच्या आयसीला हात न लावता फक्त इनपुटकडचं काम करून देईल असा जुना, सावकाश काम करणारा कारागीर पुण्यात किंवा मुंबईत कोणाला माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. रिसीव्हर गाडीत घालून मी स्वतः आणून देईन.