दहा राग, एक ठेका

‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’ या अल्बममुळे ‘चरणजीत सिंग म्हणजे ॲसिड हाऊसचे (शिकागोतल्या एका इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचे) जनक’ असं म्हणतात, ते मला जरा ताणलेलं वाटतं. ॲसिड हाऊस काढणारी शिकागोतली मंडळी त्याच टीबी-३०३ यंत्रापाशी (रोलँड कंपनीच्या बेस सिंथेसायझरपाशी) पोचली ती आपापल्या वाटेने. इथे मुंबईत हिंदी सिनेमासाठी वाजवणारा एक माणूस १९८२ साली ३०३, टीआर-८०८ हे ठेका देणारं यंत्र आणि ज्युपिटर-८ सिंथेसायझर घेऊन बसतो आणि ललत, मालकंस डिस्कोच्या ठेक्यावर काढतो, एवढी गोष्ट पुरेशी अचाट नाही का?

परवा चर्चगेट लोकलमध्ये हेडफोन लावून हा अल्बम पुन्हा ऐकला. ३०३ मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय आहे, त्यामुळे मींडेचा भास होतो. श्रुती (बारा सुरांच्या मधल्या बारीक जागा) मात्र नाहीत, सगळं बारा सुरांत ठाकूनठोकून बसवलेलं. तरी ललतमधले दोन्ही मध्यम (शुद्ध आणि तीव्र ‘म’) लागोपाठ आले की अंगावर काटा येतोच. यमन मला सपाट वाटला (घरच्या पेटीवाल्यांनी माफ करावं).

तेव्हा फारसं कुणी विचारलं नाही. २०१० साली नेदरलँड्समधून पुन्हा निघाला, मग आपल्याला कौतुक. मूळ एलपी कुणाकडे असेल तर कव्हरचा फोटो टाका, प्लीज.