मदत हवी आहे : मे महिन्यातील गोरज मुहूर्त, मैदानावरचा मांडव आणि वळीव

नमस्कार.

माझ्या धाकट्या बहिणीचे लग्न येत्या मे महिन्यात वाई तालुक्यातील आमच्या गावी, शाळेसमोरच्या मैदानावर मांडव घालून करायचे ठरले आहे. मुहूर्त गोरज आहे, पत्रिका वाटून झाल्या आहेत आणि 600 पाने धरली आहेत. दिवसभर जमीन तापून चढलेले ढग वारा आणि गारा घेऊन कोसळतात, तीही नेमकी हीच वेळ.

पर्यायी जागा आम्ही पाहून ठेवली आहे. सुट्टी असल्यामुळे शाळेचे सभागृह मिळाले असून त्यात दाटीवाटीने 250 माणसे बसतील. माझी काळजी वेगळी आहे. मागच्या वर्षी भावकीतील एका लग्नात अशीच जागा हाताशी होती. दुपारी 3 वाजता आभाळ भरून आले, तरी मुले वडीलधाऱ्यांच्या शब्दासाठी थांबली, वडीलधारे वरपक्षाचे मन कसे मोडावे म्हणून थांबले, आणि अर्ध्या तासात आलेल्या वावटळीने कनात उचलून एक खांब चुलीवर पाडला. कढईतले तेल सांडून आचाऱ्याच्या हाताखालच्या मुलाचा पाय भाजला. तो मुलगा महिनाभर अंथरुणावर होता, आणि त्याचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून अजून जात नाही.

म्हणून विचारते : लग्न आत हलवायचे की नाही, हे कोणी ठरवावे, किती वाजता ठरवावे, आणि 250 जणांच्या जागेत 600 माणसांचे कसे निभवावे?

उत्तर

ताई, माझा मांडवाचा व्यवसाय आहे, त्यामुळे आधी चुलीबद्दल लिहितो. चूल ऐन वेळी हलवता येत नाही, म्हणून ती पहिल्यापासूनच मांडवाबाहेर, शाळेच्या बाजूच्या पक्क्या शेडमध्ये मांडा. मग हलवायचे उरते ते फक्त लग्न.

निर्णय घेणारा माणूस विधीत अडकलेला नसावा. कन्यादान करणारे आणि मुलीचे मामा हे दोघेही नकोत. ज्याचा शब्द दोन्ही घरे मानतील असा एकच माणूस नेमा, आणि त्याचा शब्द अखेरचा राहील हे व्याह्यांना आठ दिवस आधी समक्ष भेटून सांगा. वेळ दुपारी 2 ची ठेवा. हवामान खात्याचा तात्कालिक अंदाज पुढच्या तीन तासांपुरताच असतो, त्यामुळे तो 2 वाजेपर्यंत पाहत राहावे लागेल. विजेसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' ॲप त्या माणसाच्या फोनमध्ये असू द्या. ढग नुसते दिसू लागले तरी आत जा. पाऊस आला नाही तर थोडा हिरमोड होईल, एवढेच.

आत सगळ्यांना एकाच वेळी बसवू नका. अक्षतांना सभागृह आणि व्हरांडे मिळून लोक उभे राहतील, पंगती मात्र तीन कराव्या लागतील. वाढप्यांना हे आदल्या दिवशीच सांगा. आणि वारा सुटलाच, तर मांडव सावरायला कोणी खांबाला धरून उभे राहू नये. आधी मेन स्विच बंद करावा, माणसे बाहेर काढावीत आणि तेवढी सवड असेल तरच बाजूच्या कनाती सोडाव्यात, म्हणजे वारा आरपार जातो. छतावर पाणी साचून कापडाला पोट आले, तर त्याखाली कोणालाही जाऊ देऊ नका.

धागाकर्ती

मनापासून आभार. चूल शेडमध्ये मांडण्याचे आजच आचाऱ्यांना सांगितले. निर्णयासाठी माझ्या आतेभावाचे नाव सुचते आहे. ते शिक्षक आहेत आणि व्याह्यांच्याही ओळखीचे आहेत. एक अडचण मात्र उरते. वऱ्हाड पुण्याहून दुपारी 1 वाजता निघणार आहे, म्हणजे निर्णय होईल तेव्हा ते खंबाटकी घाटाच्या अलीकडे, वाटेतच असेल. त्यांनी सकाळीच निघून दुपारचे जेवण आमच्याकडे घ्यावे, असे सुचवणे वरपक्षाला कितपत रुचेल? कोणी असे केले असल्यास कृपया सांगावे.