गणित आणि कॉम्प्युटर सायन्स जोडीने: तीन वर्षं पाण्यात?

गिरगावकर: काल इथे कुणीतरी ठोकून दिलं, "गणित आणि कॉम्प्युटर सायन्स जोडीने शिकणं म्हणजे तीन वर्षं पाण्यात. कोडिंग यूट्यूबवर येतं, गणित मास्तर होणाऱ्यांनी करावं." डोकंच फिरलं. फर्मा या गणितज्ञाचं मूळ संख्यांबद्दलचं छोटं प्रमेय १६४० चं. पुढे ऑयलरने ते वाढवलं आणि १९७७ मध्ये आरएसए, म्हणजे संदेश गुप्त करायची पद्धत, त्यावरच उभी राहिली. यूट्यूबवर कोडची तयार लायब्ररी वापरायला शिकाल, पण गुप्त केलेला संदेश उलगडल्यावर जसाच्या तसा का मिळतो, हे वहीत सिद्ध केल्याशिवाय कळत नाही.

नाहूर_फास्ट: पोस्ट माझीच. मास्तर म्हटलेलं एवढं झोंबलं? पोटापाण्याचं बोला. इंटरव्ह्यूत मला लिंक्ड लिस्ट, म्हणजे कोडमधली एकाला एक जोडलेली यादी, उलटी करायला सांगितली. फर्माची चौकशी कुणी केली नाही.

केटीकुमार: गणिताचं नाव काढू नका. इंजिनिअरिंगला एम-थ्रीत, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरात, केटी लागली, विषय राहिला, तो लाप्लास ट्रान्सफॉर्म नावाच्या धड्यापायी. शेवटी दादरचा क्लास लावला. सर म्हणाले, "सात प्रकार पाठ कर, का ते विचारू नकोस." सुटलो.

जोशीकाकू: म्हणजे लाप्लास शिकलातच नाही! या क्लासवाल्यांनीच वाट लावलीय. आमच्या मुलीकडून वर्षाची फी आधी घेतली आणि दिवाळीनंतर सरच बदलले.

केटीकुमार: काकू, क्लास नसता तर आजही एम-थ्रीच देत असतो. कॉलेजात सर आमच्याकडे पाठ करून नोट्स उतरवायचे, फळ्याशीच बोलायचे. घरबसल्या नावं ठेवणं सोपं असतं.

जोशीकाकू: घरबसल्या? पंचवीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय मी. जपून बोला.

गिरगावकर: क्लासची धुणी दुसरीकडे धुवा. २००२ साली आयआयटी कानपूरमध्ये मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी संख्या मूळ आहे की नाही, हे बहुपदी वेळेत, म्हणजे अंक वाढले तरी वेळ आवाक्याबाहेर न जाता, खात्रीने ओळखणारा अल्गोरिदम दिला. गणिताशिवाय जमलं असतं?

नाहूर_फास्ट: तिघंही कॉम्प्युटर सायन्स विभागाचे. कयाल-सक्सेना तर नुकते बी.टेक. झालेले. यात जोडडिग्री कुठे आली? तुमचाच दाखला तुमच्यावर उलटला.

गिरगावकर: डिग्री नसेल, गणित तर होतं! तेच सांगतोय मघापासून.

नाहूर_फास्ट: बरं बाबा, ज्याला प्रूफं लिहायची खाज आहे त्याने खुशाल जोडीने शिकावं. फक्त बापाला कर्ज काढायला लावू नये.

केटीकुमार: काकू, चुकलो. पण ते दिवाळीनंतर गेलेले सर चष्मेवाले, उंच होते का? आमचेही तेव्हाच गायब झाले होते.